तांब्याच्या चकलीला वेढे किती? प्रोसेसरसाठी घरी इव्हॅपरेटर बनवताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. देवगडात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर. जुन्या १६५ लिटरच्या फ्रीजचा चालू कॉम्प्रेसर हाताशी आहे, ५० मिमी व्यासाचा तांब्याचा बार आहे, ओळखीचा एक टर्नर आहे. कोअर आय७-१२७००के हा प्रोसेसर पाण्यावर नाही, थेट गॅसवर थंड करायचाय. त्यासाठी प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, म्हणजे इव्हॅपरेटर, घरीच बनवायचा. आतली खाच चकलीसारखी फिरवायचं तुमचं ठरलंय. तिला वेढे किती, खोली किती आणि गॅस कोणता, एवढंच विचारलंय.

सरळ उत्तर असं: खाच ३ मिमी रुंद, ८ मिमी खोल, दोन वेढ्यांमधली भिंत २ मिमी, वेढे साधारण साडेचार. पहिल्या प्रयत्नाला गॅस आर-१३४ए. हे आकडे कुठून आले ते पुढे सांगतोच. पण वेढ्यांमुळे तुमचं काम अडणार नाही. अडलंच तर दोन ठिकाणी अडेल, आणि त्या दोन्हींबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. एक, तो कॉम्प्रेसर हा भार उचलेल का. दुसरं, देवगडच्या हवेत उणे वीस अंशांचं तांबं मदरबोर्डावर बसवल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाला काय होईल.

मी रत्नागिरीकडे बर्फ कारखाने आणि मासळीच्या शीतगृहांची कामं करतो. प्रोसेसरचे ठोकळे हा हौसेचा भाग. कल्पना वेडगळ आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. आयबीएमने १९९७ मध्ये एस/३९० जी४ हा मोठा सर्व्हर रेफ्रिजरेशनवर थंड केला होता. आज पाण्याचे कूलर बनवणाऱ्या असेटेक या डॅनिश कंपनीची सुरुवातीची ओळखही 'व्हेपोचिल' नावाच्या गॅसवरच्या कॅबिनेटमुळेच झाली.

आता भार. १२७००के चा मूळ आकडा १२५ वॅट, टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगात, १९० वॅट. गॅसवर थंड करायचं म्हणजे तुम्ही तो ओव्हरक्लॉक करणारच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारच, तेव्हा मी २५० वॅट धरून चालतो. लहान फ्रीजचा कॉम्प्रेसर उणे २३ अंशांना साधारण शंभर वॅटच्या आसपास उष्णता उचलतो. त्याला दुसरं कामच नसतं: दरवाजा बंद, आत चार भांडी, आणि तीही तास-दोन तासांत हळूहळू गार व्हायची. तुमचा प्रोसेसर मात्र एका क्षणात दीड-दोनशे वॅट टाकतो आणि टाकतच राहतो. मग सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचा, दाब वर चढतो, ठोकळ्याचं तापमान उणे वीसवरून शून्याच्या आसपास येऊन बसतं, आणि कमी दाबावर चालण्यासाठी बनवलेली ती मोटर जादा प्रवाह ओढायला लागते. थोड्या वेळाने ओव्हरलोड, म्हणजे जादा प्रवाहाला मोटर बंद करणारा स्विच, पडतो. ठोकळा कितीही सुबक असला तरी यातून सुटका नाही.

म्हणून तुमच्याकडचा कॉम्प्रेसर बाजूला ठेवा आणि डीप फ्रीजरचा किंवा दुकानातल्या काचेच्या दाराच्या कूलरचा एक तृतीयांश ते अर्ध्या एचपीचा शोधा. भंगारात बरे मिळतात. एचपीवर विसंबू नका, स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कॅटलॉग बघा. त्यातला वॅटचा आकडा बहुधा उणे २३.३ अंश इव्हॅपरेटर आणि ५४.४ अंश कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) या स्थितीचा असतो. आपल्याकडे पंख्याचा चांगला कंडेन्सर लावला तर कंडेन्सिंग ४५ अंशांपर्यंत राखता येतं, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच मिळतं. कंडेन्सरला मात्र प्रोसेसरचे २५० आणि कॉम्प्रेसर स्वतः खातो ते दोनेकशे, असे साडेचारशे वॅट बाहेर टाकायचे असतात. फ्रीजच्या पाठीवरची काळी जाळी इथे पुरत नाही.

गॅसचं म्हणाल तर हे बरंचसं तुमच्या हाताला ब्रेझिंगची, म्हणजे रॉड वितळवून तांबं जोडण्याची, किती सवय आहे यावर आहे. आर-६००ए, म्हणजे नव्या फ्रीजमधला आयसोब्युटेन, उणे २५ अंशांना ०.६ बारच्याही खाली उकळतो. हवेचा दाबच एक बार. म्हणजे तुमची लो साइड, कमी दाबाची बाजू, कायम व्हॅक्यूममध्ये. जॉइंटला सुईच्या टोकाएवढी गळती असली तर गॅस बाहेर येण्याऐवजी आपली दमट हवा आत जाणार, आणि ते कळायला बराच वेळ लागणार. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. थंडाव्याच्या दृष्टीने हा राजा माणूस आहे: उणे २५ ला दोन बार, सगळं दाबाखाली, आणि त्याच कॉम्प्रेसरमधून आर-१३४ए च्या दीडपटीहून जास्त थंडावा. पण म्हणूनच आर-१३४ए च्या कॉम्प्रेसरमध्ये तो सहज म्हणून भरू नये, मोटरवर भार येतो. शिवाय तो पेटतो. हवेत दर घनमीटरला ३८ ग्रॅमच्या आसपास झाला की ठिणगीची वाट बघत बसतो. दहा बाय दहाच्या खोलीत शंभर ग्रॅम सुटला आणि सगळीकडे मिसळला तर या आकड्याच्या दहाव्या भागापर्यंतच पोचतो, असं म्हणून लोक निर्धास्त होतात. पण प्रोपेन हवेपेक्षा जड आहे, तो खाली साठतो. पन्नास लिटरच्या बंद कॅबिनेटमध्ये तर दोन ग्रॅमच पुरे. तेव्हा आर-२९० वापरायचा तर त्याच गॅसचा कॉम्प्रेसर, उघडा सांगाडा, आणि रिले-स्विच सगळे गळतीच्या वाटेपासून लांब.

आणि एक विनंती. घरच्या सिलिंडरमधला गॅस भरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतो, प्रमाण बदलतं, त्यात वासासाठी गंधकाचं संयुग घातलेलं असतं, ओलावाही असतो. दाब आणि तापमानाचा काही मेळच बसत नाही. तो नको. आर-२२ च्याही मागे लागू नका. माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. पहिल्या ठोकळ्याला आर-१३४ए आणि लक्ष्य उणे २०. तिथे दाब १.३३ बार असतो, म्हणजे हवेपेक्षा थोडा वरच. उणे ३० चा हट्ट धरलात तर तोही व्हॅक्यूममध्ये जातो.

आता तुमची चकली. लोकांना वाटतं, खाच जितकी बारीक आणि लांब तितका थंडावा जास्त. कागदावर करून बघू. उकळत्या गॅसकडे उष्णता किती सहज जाते हे गॅस, वेग आणि तेल यांवर अवलंबून असतं. मी सावधपणे चौरस मीटरला, एका अंशाला पाच हजार वॅट धरतो. २५० वॅट दहा अंशांच्या फरकात काढायचे तर ५० चौरस सेंटिमीटर ओली जागा हवी. बस्स, एवढीच. ५० मिमीच्या बारमध्ये कडेला २ मिमी सोडून ४६ मिमीचं वर्तुळ उरतं. ३ मिमीची खाच आणि २ मिमीची भिंत, म्हणजे दर ५ मिमीला एक वेढा. खाचेची लांबी जवळपास ३३ सेंटिमीटर येते. ८ मिमी खोलीच्या दोन भिंती आणि ३ मिमीचा तळ धरून ६३ चौरस सेंटिमीटर. काम भागलं, हाताशी थोडं राहिलंही.

समजा त्याऐवजी तुम्ही दीड मिमी रुंद, ३ मिमी खोल खाच दुप्पट लांबीत फिरवलीत. ओली जागा तीच, पन्नासच्या आसपास. फरक दाबात पडतो. २५० वॅटसाठी आर-१३४ए चा प्रवाह सेकंदाला साधारण दोन ग्रॅम. रुंद खाचेतून तो जाताना दाब एक शतांश बारच्या आसपास पडतो, न मोजण्याइतका. अरुंद खाचेत हाच आकडा पाऊण ते एक बारच्या घरात जातो, आणि मुळात आपल्याकडे होताच १.३३ बार! म्हणजे ठोकळ्यात उणे वीस राखायचं तर कॉम्प्रेसरला बाहेर खोल व्हॅक्यूम ओढत बसावं लागेल. तसं तो करत नाही. उलट ठोकळाच गरम राहतो आणि मग माणूस गॅस वाढवतो, कॅपिलरी (ठोकळ्यात गॅस सोडणारी बारीक नळी) बदलतो, कॉम्प्रेसरला शिव्या घालतो. दोष असतो खाचेत. इंटरनेटवर दिसणाऱ्या सुंदर, केसासारख्या बारीक खाचांचे ठोकळे बहुतेक पाण्याचे असतात. पाणी पंपाने ढकलता येतं. उकळून शेकडो पट फुगणाऱ्या गॅसला वाट लागते.

तुमच्या टर्नरकडे फक्त लेथ असेल तर चकली निघणार नाही, तिला मिलिंग लागतं. मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत एखादा सीएनसीवाला करून देईल. पण तांबं चिकट असतं, ३ मिमीचा कटर ८ मिमी खोल एका दमात घालायला गेलं की मोडतो, तेव्हा कूलंट सोडून थोडं थोडं उतरायला सांगा. लेथवरच भागवायचं तर एकात एक गोल खाचा काढा आणि प्रत्येक भिंतीत कानसीने एक दार पाडा: एका भिंतीला डावीकडे, पुढच्या भिंतीला उजवीकडे. गॅस दर वेढ्याला दोन्ही बाजूंनी विभागून जातो, त्यामुळे दाबाची घट आणखी कमी होते. मला स्वतःला हीच रीत आवडते. दिसायला साधी आहे, पण गावातल्या गावात होते.

कॅपिलरी मधोमध सोडा, बाहेरची वाट परिघावर ठेवा. प्रोसेसरची चिप झाकणाच्या मध्याजवळ असते. द्रव गॅस आधी तिथे आदळला पाहिजे, कडेला जाईस्तोवर तो बराचसा वाफ झालेला असतो. तळ ५ मिमी ठेवा. २५० वॅट त्यातून जाताना तीन-एक अंशच खर्ची पडतात. तळ दोन मिमीवर आणून दोन अंश वाचवायचा मोह होतो, पण ब्रेझिंगनंतर तांबं नरम पडतं आणि पातळ तळ क्लॅम्पच्या दाबाने वाकतो. मग पेस्टच्या जाड थरात वाचवलेलं सगळं जातं.

अपेक्षेबद्दलही स्पष्ट बोलून ठेवतो. ठोकळ्यात गॅस उणे वीसला उकळतोय म्हणजे कोअर उणे वीस होत नाहीत. चिपचं क्षेत्रफळ जेमतेम दोन-सव्वादोन चौरस सेंटिमीटर. तेवढ्याशा जागेतून दोनशे वॅट बाहेर काढताना चिप, तिचं झाकण आणि पेस्ट मिळून तीस-चाळीस अंश खातात. त्यात उकळण्याचे आणि तांब्याचे मिळवा. पूर्ण भारावर कोअर अधिक वीस-पंचवीस दाखवतील, रिकाम्या वेळी शून्याखाली जातील. हे वाईट नाही, चांगल्या पाण्याच्या कूलरपेक्षा पन्नासेक अंश खाली आहे. पण उणे चाळीसचे फोटो बघून कुणी निघाला असेल तर आधीच कळलेलं बरं.

ठोकळा जोडताना क्रम महत्त्वाचा. ६ मिमीचं झाकण, त्यात कॅपिलरीचं आणि सक्शनचं भोक, मग ब्रेझिंग. एवढं तांबं उष्णता पळवतं, साध्या एलपीजी टॉर्चने रॉड वितळेपर्यंत तुमचा संयम संपेल. ऑक्सिजनचा टॉर्च हवा आणि आधी अख्खा ठोकळा तापवून घ्यायला हवा. आतून बारीक धारेने कोरडा नायट्रोजन सोडत राहा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ती पुढे कॅपिलरीच्या तोंडाशी जाऊन बसते. दाबाची परीक्षाही नायट्रोजननेच, २५० पीएसआय, रात्रभर. ऑक्सिजनने कधीही नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांचा स्फोट होतो, आणि आपल्या धंद्यात माणसं अशीही गेली आहेत. मशीन बंद असताना आतला दाब सारखा होतो तेव्हाही या झाकणावर शंभर किलोच्या आसपास जोर असतो, तेव्हा चाचणी उरकून टाकण्याची गोष्ट नाही. तळ घासून सपाट करायचा तो या चाचणीनंतर: काचेवर एमरी पेपर, ४०० पासून १२०० पर्यंत. आधी घासलात तर मेहनत वाया.

कॅपिलरी ०.०३१ इंची घ्या आणि तीन मीटरच्या थोडी वरच ठेवा. लांब असली तर कापता येते. किती कापायची ते मी इथे बसून सांगू शकत नाही. ते कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि तुमच्या खोलीच्या तापमानावर ठरतं. ट्यून मात्र पूर्ण भारावर करा, रिकाम्या प्रोसेसरवर नाही. सक्शनला तीन सुताची (३/८ इंची) नळी. तिच्यात गॅसचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर राहतो आणि तेल कॉम्प्रेसरकडे परत येतं. 'मोठी नळी बरी' म्हणून चार सुती टाकलीत तर वेग निम्म्याजवळ येतो आणि तेल ठोकळ्यात साचतं. कॅपिलरी भाराप्रमाणे कमी-जास्त होत नाही. तुम्ही संगणक नुसता चालू ठेवून जेवायला गेलात की प्रोसेसर वीस-तीस वॅटवर येतो, न उकळलेला द्रव सक्शनमधून परत धावतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या आधी हा द्रव अडवणारं भांडं, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर हवाच. शंभर-दोनशे रुपये वाचवायला तो गाळू नका.

आर-१३४ए चं पीओई तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात जून ते सप्टेंबर सिस्टिम उघडायची वेळ आली तर तयारी सगळी आधी करा, टोकं रबरी बुचाने बंद ठेवा, आणि उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) नवा. जुना फ्रीजचा कॉम्प्रेसर व्हॅक्यूम पंप म्हणून वापरणारे बरेच आहेत. त्याने हवा निघते, ओलावा पुरता निघत नाही. टू-स्टेज पंपाने ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन हे इथे व्हॅक्यूमचं माप) न्या, पंप बंद करून काटा चढतो का बघा. ओलावा राहिलाच तर खूण ठरलेली: मशीन छान चालतं, मग अचानक सक्शन व्हॅक्यूममध्ये जातं, ठोकळा गरम होतो, थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू. कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फाचा खडा धरतो आणि विरघळतो. गॅस कमी पडलाय समजून भरत बसू नका.

इथवरचं पुण्यात राहणाऱ्यालाही जवळपास असंच सांगितलं असतं. पुढचं तुमच्यासाठी.

पावसाळ्यात आपल्याकडे खोलीत ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा ही रोजची गोष्ट. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव पडायला लागतं तो, २६ अंश. म्हणजे तुमच्या ठोकळ्याच्या इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग २६ च्या खाली गेला की त्याला पाणी सुटणार. हवेपेक्षा जेमतेम चार अंश थंड पडायची मुभा. नायट्राइल रबराच्या फोमसाठी, सपाट पृष्ठभाग आणि शांत हवा धरून हिशेब केला तर जाडी ५० ते ६० मिमी लागते. मदरबोर्डवर सॉकेटभोवती सहा सेंटिमीटर फोम बसवायला जागा कुठाय? बाजूला रॅम, वर व्हीआरएमचे, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे, हीटसिंक. तोच संगणक एसीच्या खोलीत, २५ अंश आणि ५० टक्क्यांवर ठेवा. दवबिंदू १४ वर येतो आणि हिशेबाने १४ मिमी फोम पुरतो. बाजारात मिळणारी १९ मिमीची शीट आणि ट्यूब लावली की थोडी सवलतही राहते.

म्हणून माझं ठाम मत: देवगडात हे यंत्र एसीच्या बंद खोलीतच चालवा. पंखा आणि उघड्या खिडकीत जून ते ऑक्टोबर नाहीच. एसी शक्य नसेल तर दुसरी वाट अशी की बोर्डाचा सॉकेटकडचा भाग हवाबंद पेटीत घ्यायचा, आत सिलिका जेल ठेवायचं आणि ते नियमित भाजून कोरडं करायचं. जमतं, पण रॅम बदलायची झाली की सगळं उघडा. मला तो खटाटोप वाटतो.

फोमच्या जाडीइतकाच महत्त्वाचा आहे तो लावण्याचा नेटकेपणा. बाहेरच्या हवेतली वाफ थंड जागेकडे ढकलली जाते आणि सांधा दिसेल तिथून शिरते. प्रत्येक सांधा चिकटवा, फोम आणि तांब्यामध्ये पोकळी ठेवू नका. पोकळीत अडकलेली हवा म्हणजे पाण्याचा साठा. सॉकेटच्या आत, पिनांच्या मधल्या जागेत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरतात ते याचसाठी. हवेला जागाच उरू नये. बोर्डाच्या पाठीला सॉकेटच्या मागेही फोम आणि त्याला टेकवलेली पातळ फळी, कारण थंडी तांब्याच्या थरांतून पलीकडे जाते आणि लोक पाठ विसरतात.

आता मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ते असतंच, आणि अर्ध्या किलोमीटरवर तर भरपूर. साधं मीठ दमटपणा ७५ टक्क्यांवर गेला की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. याचा अर्थ असा की तुमच्या बोर्डावर मिठाचा पुसट थर असेल तर दव पडायची गरजच नाही. दवबिंदूच्या वरही तो थर ओला होतो, आणि ओलं मीठ वीज वाहतं. इन्सुलेशनच्या कडेला, जिथे बोर्ड थोडाच थंड असतो, तिथलीच हवा पंचाहत्तरच्या वर गेलेली असते. हिरवा गंज मला बहुतेक वेळा तिथेच दिसलाय, ठोकळ्याखाली नाही.

बोर्ड दोन-तीन वर्षं घरात वापरलेला असेल तर अ‍ॅक्रिलिक कोटिंग मारण्याआधी धुवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लोक समाधान मानतात, पण मीठ त्यात फारसं विरघळत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. बॅटरी काढून आधी डिस्टिल्ड वॉटरने, मऊ ब्रशने धुवायचं, मग अल्कोहोलने पाणी हाकलायचं, मग दिवसभर उबदार जागी सुकवायचं. सॉकेटच्या पिनांना ब्रश लावू नका. मीठ आत ठेवून वरून कोटिंग मारलं तर ते कोंडून ठेवल्यासारखं होतं, खाली गंज चालूच. कंडेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियम पात्यांनाही हाच शाप. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, वाळवा. बंदरावरच्या कामांत मी हेच करायला लावतो आणि कंडेन्सरचं आयुष्य त्याने नक्की वाढतं.

सगळ्यात धोक्याची वेळ यंत्र चालू असताना नसते, बंद केल्यावर असते. चालू असताना जिथे कुठे फट राहिली तिथे बर्फ धरतो, आणि बर्फ निरुपद्रवी असतो. बंद केलंत की तोच वितळून पिनांवर उतरतो. त्यामुळे बंद केल्यावर लगेच पुन्हा सुरू करायचं नाही. एसी चालू ठेवून ठोकळा खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि पहिल्या काही वेळा ठोकळा उचलून सॉकेट प्रत्यक्ष बघायचं. टिश्यू पेपर टेकवा, ओला झाला तर फोम पुन्हा लावा. पहिले हे प्रयोग स्वस्त, जुन्या बोर्डावर करा. १२७००के कपाटातच राहू दे.

राहिली वीज. आपल्याकडे वळवाच्या पावसात दिवे किती वेळा जातात ते तुम्हाला सांगायला नको. संगणकाला यूपीएस आणि कॉम्प्रेसर थेट मेनवर, अशी जोडणी केलीत तर दिवे गेल्यावर कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रोसेसर चालूच राहतो. पाव किलोच्या आसपासचा हा ठोकळा. आतला द्रव गॅस उडून गेला की १९० वॅटवर सेकंदाला दोन अंशांच्या जवळपास तापतो. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करेल, शेवटी बंद पडेल, पण त्याच्यावर कशाला ढकलायचं? ठोकळ्यावर एक सेन्सर लावा आणि थर्मोस्टॅटच्या रिलेने असं करा की ठोकळा उणे दहाच्या खाली गेल्याशिवाय संगणक सुरूच होऊ नये आणि अधिक दहाच्या वर गेला की बंद व्हावा. कॉम्प्रेसरला तीन मिनिटांचा डिले टायमर लावाच. दिवे येऊन-जाऊन करत असताना दोन्हीकडचे दाब सारखे व्हायच्या आत तो सुरू व्हायला बघतो, घुरघुरतो आणि वाइंडिंग तापवतो. व्होल्टेज संध्याकाळी उतरत असेल तर स्टॅबिलायझरही.

चोवीस तास चालणाऱ्या संगणकासाठी हे करू नका, त्याला पाण्याचा कूलर बरा. बेंचमार्क, ओव्हरक्लॉकिंग, शिकण्याची हौस, यासाठी जरूर करा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नव्या कॉम्प्रेसरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, कंडेन्सर किती ओळींचा आणि किती बाय किती इंच, आणि खोलीत एसी आहे की नाही, एवढं कळवा. कॅपिलरी कुठून कापायला सुरुवात करायची आणि गॅस किती ग्रॅमने सुरू करायचा, ते त्यावरून सांगतो. टर्नरकडे बार द्यायच्या आधी खाचांचं चित्र हातानेच काढून पाठवलंत तरी चालेल. दारं कुठल्या बाजूला पडतायत तेवढं बघून देईन.